जिनिंगमधली बिलं आणि आठ मिलिमीटर

प्रिंटरमधून पहिलं बिल एकदम बरोबर यायचं. दुसऱ्यात वरची ओळ जराशी चढलेली दिसायची, आणि दहाव्या-बाराव्या बिलापर्यंत फर्मचं नाव अन् जीएसटी नंबर आधीच्या कागदाच्या तळाशी जाऊन बसायचे. फाडायची छिद्रांची रेघ बरोबर बिलाच्या डोक्यातून जायची. आमचे दिवाणजी तो कागदाचा पट्टा हातात धरून म्हणाले, "काऊन मॅडम, हे बिल वर वरच चढून राह्यलं?"

मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, हिशेब बघते. गोष्ट २०२४-२५ च्या हंगामातली. शेतकऱ्याकडून कापूस घेतला की त्यावरचा ५ टक्के जीएसटी शेतकरी नाही, जिनिंगवाला भरतो. कच्च्या कापसाला हा उलटा कर १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. शेतकरी बिल देत नाही, म्हणून त्याच्या खरेदीचं बिल आपणच आपल्या नावे फाडायचं. त्यात १ नोव्हेंबर २०२४ पासून असं बिल माल आल्यापासून ३० दिवसांच्या आत करायचा नियम आला. कायद्याला ते कागदावरच पाहिजे असं काही नाही, पण आमच्या मालकांना पाहिजे. फाईल हातात घेऊन पानं उलटल्याशिवाय त्यांचा जीएसटीवर विश्वास बसत नाही.

तर ही बिलं मी दिवसा छापत नाही. काट्यावर ट्रॅक्टरची रांग असते, शेतकऱ्याला काटापट्टी (वजनाची चिठ्ठी) आणि चुकारा (मालाचे पैसे) पाहिजे असतो, माझं बिल नाही. संध्याकाळी टॅलीतून, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, दिवसभराची सगळी एकदम सोडते. एकेक छापलं असतं तर कागद हातानं सरकवून भागलं असतं. शंभर बिलांच्या पट्ट्यात ते चालत नाही.

तालुक्याहून कॉम्प्युटरवाला पोरगा आला. ड्रायव्हर काढला, परत टाकला, एक बिल छापून "झालं ताई" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. एका बिलावर हा आजार दिसतच नाही, हे त्याला कोण सांगणार!

मग मी पट्टी काढली. आमचा प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, म्हणजे रिबनवर ठोके मारून सलग पट्ट्यावर छापणारा. त्याचा कागद १० बाय १२ इंची, म्हणजे एक पान ३०४.८ मिलिमीटर. ए फोर असतो २९७. फरक जवळजवळ ८ मिलिमीटर. दोन लागोपाठच्या बिलांतली सरक मोजली, तर तीही ८ च्या आसपास. म्हणजे कागद बाराचा आणि कॉम्प्युटरच्या डोक्यात ए फोर. मला वाटतं पूर्ण भानगडीत ही पट्टीच जास्त कामाची ठरली. सरक किती ते मोजलं की कोण खोटं बोलतंय ते कळतं. एक इंचानं सरकत असेल तर कोणीतरी ११ इंच धरून बसलंय; आठ मिलिमीटरनं सरकत असेल तर ए फोर.

विंडोजच्या यादीत १० बाय १२ नव्हताच. तो आपण तयार करावा लागतो. डिव्हाइसेस अँड प्रिंटर्समध्ये आपला प्रिंटर निवडला की वर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज दिसतं. तिथं नवा फॉर्म करायचा, नाव द्यायचं, रुंदी २५.४ आणि उंची ३०.४८ सेंटिमीटर टाकायची. त्यासाठी अॅडमिनचा पासवर्ड लागतो. आमच्याकडे तो मालकांच्या पोराकडे, आणि पोरगं नागपूरला. फोनवर एकेक अक्षर लिहून घेतलं. त्यानंतर हाच फॉर्म प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्ये निवडायचा, आणि प्रॉपर्टीजच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये प्रिंटिंग डिफॉल्ट्स म्हणून वेगळं असतं, तिथंही. पहिलं फक्त माझ्या लॉगिनपुरतं, दुसरं सगळ्यांसाठी. काट्यावरच्या कॉम्प्युटरवरूनही याच प्रिंटरला बिलं येतात, त्यामुळे दुसरं केलं नसतं तर रात्रपाळीवाल्याची बिलं चढतच राहिली असती.

टॅलीत छापायचे प्रकार असतात: 'नीट' (Neat) मोड विंडोजमार्फत छापतो, 'ड्राफ्ट' प्रिंटरच्याच अक्षरांत. नीट मोडमध्ये बिलं जागेवर आली. ड्राफ्टमध्ये मात्र आता पूर्ण एक इंच वर! पण ते बघून मला बरंच वाटलं, कारण इंच म्हटल्यावर अकराचा हिशेब उघड होता. आमच्याकडे ड्राफ्टमध्ये प्रिंटर स्वतःच्या पोटातल्या लांबीवर चालतो, विंडोजला विचारत नाही. या जातीच्या प्रिंटरला चालू करताना ठरावीक बटणं दाबून धरली की तो आपल्या सेटिंग कागदावर छापून दाखवतो. पानाची लांबी ११ निघाली. ती १२ केली.

ड्राफ्ट पटापट छापतो, पण त्यात शेतकऱ्यांची नावं देवनागरीत येत नाहीत. आमच्या प्रिंटरमधल्या अक्षरांत देवनागरी नाहीच, नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. नावं इंग्रजीत भरायला मी तयार नव्हते. सातबाऱ्यावर एक आणि बिलावर दुसरंच स्पेलिंग, हा घोळ चुकाऱ्याच्या वेळी माझ्याच गळ्यात येतो. म्हणून खरेदीची बिलं नीट मोडमध्येच, भले वेळ लागो. टॅलीत कंट्रोल पी, मग कॉन्फिगर, तिथं प्रिंट फॉरमॅट एकदा ठरवून टाकला.

रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) गाठींच्या विक्रीचं वेगळंच. मालाच्या बिलाच्या आम्ही तीन प्रती काढतो: एक घेणाऱ्याला, एक ट्रकवाल्याला, एक आपल्याकडे. पूर्वी तीन पदरी कागदावर डॉट मॅट्रिक्सनं एका ठोक्यात निघायच्या. (तिसरी प्रत फिकट येत असेल तर रिबन बदलायच्या आधी हेडच्या बाजूची जाडीची दांडी कागदाच्या पदरांप्रमाणे लावली आहे का ते बघा.) पण १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आलं, आणि बिलावर क्यूआर कोड. जुन्या रिबननं छापलेला तो ठिपक्यांचा चौकोन मोबाइल वाचेचना. मालक नवीन रिबन आणू म्हणत होते. मी म्हटलं, गाठींची बिलं लेझरवर ए फोरमध्ये तीनदा छापू, खरेदीची डॉट मॅट्रिक्सवर राहू द्या. एकाच प्रिंटरकडून दोन्ही कामं करून घ्यायचा हट्ट मला पटत नाही.

दोन प्रिंटर झाले आणि नवंच सुरू झालं. फेब्रुवारीत हमालीच्या ठेकेदाराचा फॉर्म १६ ए, म्हणजे कापलेल्या टीडीएसचं प्रमाणपत्र, काढायचा होता. त्याच्या बिलातून १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापत होतो. ऑक्टोबर ते डिसेंबरचं प्रमाणपत्र १५ फेब्रुवारीपर्यंत द्यायचं होतं. ट्रेसेसवरून (आयकर खात्याची टीडीएसची वेबसाइट) उतरवलं, लेझरवर छापलं. त्याच संध्याकाळी खरेदीची सगळी बिलं लेझरमधून ए फोरवर भराभरा बाहेर. विंडोजमध्ये एक खूण असते, डिफॉल्ट प्रिंटर विंडोजलाच सांभाळू द्यायची. ती चालू असली की शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन ती काढली, डॉट मॅट्रिक्स हातानं डिफॉल्ट केला. गाठींचं बिल छापताना आता लेझर मुद्दाम निवडावा लागतो, पण गाठींची बिलं दिवसाला मोजकीच.

लेझर आता आतल्या खोलीत आहे. काट्याजवळ ठेवला होता तर रुईचे तंतू कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर बसायचे आणि तो दोन-दोन कागद खेचायचा. डॉट मॅट्रिक्सला त्याच हवेत काही होत नाही, आठवड्याला ब्रश मारला की झालं. ठेकेदार नंतर परत आला, बँकेत लोनसाठी १६ ए ची आणखी एक प्रत पाहिजे होती. काढून दिली, आणि संध्याकाळची बिलं डॉट मॅट्रिक्सवरच आली. दिवाणजींनी तरी पट्टा उलगडून शेवटच्या बिलाचं डोकं तपासलंच.