सिंगल-स्पीडची शर्यत, ९० किलोचे काका आणि फ्रेम तुटायची भीती

आमच्या सायकल ग्रुपमधे सध्या एकच विषय चाललाय. पावसाळा संपला की नाशिक ते त्र्यंबक फक्त सिंगल-स्पीडची शर्यत करायची, म्हणजे एकच गिअर, पुढे पायडलजवळ एक दातांची चकती (चेनरिंग), मागच्या चाकाला एक (फ्रीव्हील), बाकी सगळं पायांवर. कल्पना सगळ्यांना आवडली, पण नियम ठरवायला बसलो आणि कोणीतरी म्हणालं की ८५ किलोच्या वरच्यांनी भाग घेऊ नये, फ्रेम जाईल, रस्त्यात काही झालं तर जबाबदारी कोणाची. आमच्यात एक काका आहेत, वजन ९० किलो, रविवारी पहाटे सगळ्यांच्या आधी गंगापूर रोडला येऊन थांबलेले असतात. ते हे ऐकून काहीच बोलले नाहीत, हेल्मेट घेतलं आणि निघाले. मला ते फार लागलं, कारण एक तर माणूस गेला आणि दुसरं म्हणजे मुद्दाच चुकीच्या जागी लावलाय.

वजनाचा फ्रेमवर परिणाम होतच नाही असं मी म्हणणार नाही, होतो. पण फ्रेम एकदम वजनाखाली मोडून पडत नाही, ती थकते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तसं, फक्त इथे वाकणं डोळ्याला दिसत नाही इतकं बारीक आणि लाखो वेळा. ताण वाढला की आयुष्य त्याच प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप जास्त कमी होतं. वेल्डच्या जोडावर ताण दुप्पट केला तर आयुष्य साधारण आठव्या हिश्शावर येतं. स्टीलचं एक चांगलं आहे की ताण एका मर्यादेखाली राहिला तर ते जवळपास कितीही फेऱ्या सहन करतं. अल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, तिथे छोटा ताणही मोजला जातो, म्हणून अल्युमिनियमच्या नळ्या जाड्या करतात, जेणेकरून ताण मुळातच कमी राहील. सायकलच्या आयएसओ ४२१० या मानकात फ्रेमच्या पायडल टेस्टमधे १००० ते १२०० न्यूटन जोर, म्हणजे साधारण १०० ते १२० किलोचा दाब, १ लाख वेळा देतात. त्यामुळे ९० किलोचा माणूस बसला म्हणून चांगली, निरोगी फ्रेम मोडेल हे खरं नाही.

आता खरा प्रश्न, ताण येतो कुठून? नुसतं सीटवर बसल्याने नाही, जास्त करून पायडल दाबल्याने आणि खड्ड्यांनी. चढावर सिंगल-स्पीडवाला उभा राहून हॅंडल ओढत पायडल मारतो तेव्हा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस बसतो तो फ्रेमचा भाग, दर फेरीला डावी-उजवीकडे पिळलं जातं. ६० किलोचा पोरगा स्प्रिंटला असा तुटून पडला तर तो निवांत बसून हलक्या गिअरवर चाललेल्या ९० किलोच्या काकांपेक्षा फ्रेमला जास्त त्रास देतो. म्हणजे वजनाइतकाच गिअरही महत्त्वाचा, आणि इथेच आमचा दुसरा नियम मला पटला नाही. म्हणे सगळ्यांना एकच गिअर, ४६-१६, म्हणजे पुढे ४६ दात आणि मागे १६, की शर्यत फेअर.

जरा हिशोब करू. ४६-१६ ला ७०० सी या नेहमीच्या मापाच्या चाकावर पायडलच्या एका फेरीत सायकल ६ मीटरच्या थोडी पुढे जाते. ६ टक्के चढ धरा, १७० मिलिमीटर क्रॅंक (पायडलचा दांडा), वारा सोडून द्या. काका ९० आणि सायकल १० असे १०० किलो वर न्यायचे तर पायडलवर सरासरी ३७ किलोचा जोर लागतो. ६० किलोच्या पोराला तोच गिअर, तोच चढ, सायकल धरून ७० किलो, तर २६ किलो. आणि ही सरासरी आहे बरं का, वरच्या-खालच्या टोकाला पाय काहीच देत नाही म्हणून मधला झटका याच्या दुपटीजवळ जातो. काकांच्या बाबतीत तो जवळजवळ त्यांच्या अख्ख्या वजनाकडे पोचतो, म्हणजे उभं राहिल्याशिवाय पर्याय नाही, गुडघे गेले आणि फ्रेमही पिळली. आता त्याच काकांना ४४-२० लावू द्या. जोर २८ किलोवर येतो, म्हणजे जवळजवळ त्या पोराइतकाच. फेअर याला म्हणायचं ना? सपाटीवर काकांना याची किंमत मोजावीच लागेल, ४४-२० ला मिनिटाला १०० फेऱ्या मारल्या तरी ताशी २८ च्या आतबाहेरच, आणि ४६-१६ वाला तेवढ्याच फेऱ्यांत ३६ ला असेल. ते त्यांचं त्यांनी ठरवावं. गिअर एकच असावा, पण कोणता ते ज्याचं त्याने निवडावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे काही मी नवीन काढलेलं नाही. टूर द फ्रान्समधे डिरेलरला, म्हणजे चालता चालता गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, परवानगी १९३७ साली मिळाली, त्याआधी मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळी चकती असायची आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटं करून लावायचे. म्हणजे एकाच गिअरच्या काळातही चढासाठी वेगळा दात निवडणं हा शर्यतीचाच भाग होता. आणि जपानची केरिन ही ट्रॅकवरची शर्यत बघा, १९४८ पासून चालू आहे, फिक्स गिअर (चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतंच), ब्रेक नाही, त्यावर मांड्या पैलवानासारख्या असलेले स्प्रिंटर. पुरुषांच्या शर्यतीत फ्रेम मान्यताप्राप्त स्टीलच्याच लागतात. जगातले सगळ्यात जोरात पायडल मारणारे लोक एका गिअरवर, बारीक स्टीलच्या नळ्यांवर बसून पोट भरतात, तिथे आम्ही काकांना त्र्यंबक रोडवर भ्यायला लावतोय.

आपल्याकडेही गावच्या यात्रेत साध्या सायकलचा गट वेगळा असतो, गिअरवाल्यांचा वेगळा, आणि त्या साध्या गटातली पोरं काळ्या सायकलीवर जी पळतात ती बघून कोणी फ्रेमची चिंता करत नाही. तीच काळी सायकल दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवून वर्षानुवर्षं चालवत आले. त्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० तारा असतात आणि पुढे ३२. हे मुद्दाम सांगतोय, कारण वजनदार माणसाची फ्रेमच्या खूप आधी मागच्या चाकाची तार जाते. गिअरच्या सायकलला उजव्या बाजूला कॅसेटसाठी (गिअरच्या चकत्यांच्या गठ्ठ्यासाठी) जागा सोडावी लागते म्हणून चाक एका अंगाला ओढलेलं असतं, उजव्या तारा घट्ट, डाव्या ढिल्या, आणि मग तुटतात. सिंगल-स्पीडच्या चाकाला हे फार कमी लागतं, दोन्ही बाजूंचा ताण जवळपास सारखा बसतो, चाक आपोआप मजबूत होतं. म्हणजे वजनदार माणसाला खरं तर हाच प्रकार जास्त सोयीचा! काकांना मी एकच सांगितलंय, ३६ तारांचं चाक बांधून घ्या, टायर ३२ चा टाका, चाकाचा आउट, म्हणजे डगमग, चांगला काढून घ्या.

मागचा नट हा मात्र काळजीचा विषय आहे. पायडल जोरात दाबलं की चाकाची उजवी बाजू पुढे सरकते आणि टायर चेनस्टेला, म्हणजे चाकाशेजारच्या फ्रेमच्या आडव्या नळीला, घासतो, म्हणून १५ च्या पान्याने नट पक्के आवळायचे आणि पाना बरोबर ठेवायचा.

फ्रेम तपासायची तर वजनकाटा ठेवून उपयोग नाही, जोड बघा. हॅंडलखालची हेड ट्यूब आणि तिथून खाली जाणारी डाउन ट्यूब जिथे मिळतात त्याच्या खालची बाजू, बॉटम ब्रॅकेटच्या भोवती, उजवा चेनस्टे, मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा), आणि सीटपोस्ट जिथे आत जातो तो भाग. सीटपोस्टवर कमीत कमी आत किती पाहिजे याची खूण असते, ती वर दिसत असेल तर सीट ट्यूब वरून फुटायची वेळ आलीच समजा. रंगाला तडा गेला की धातूला गेलाच असं नसतं, पण कळणार कसं? आमच्यात एक दादा अंबड एमआयडीसीत क्वालिटीमधे आहेत, त्यांनी डाय पेनिट्रंटची, म्हणजे तडा दाखवणाऱ्या रंगाची, बाटली आणायचं कबूल केलंय. त्या जागेवरचा रंग काढून, पुसून, लाल डाय मारायचा, दहा-एक मिनिटं थांबायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा, तडा असला तर लाल रेघ वर उमटते. कारखान्यात जे रोज वेल्डसाठी करतात तेच सायकलला करायचं, नाशिकमधे राहून हे करायचं नाही तर कुठे करायचं!

तडा सापडला आणि फ्रेम स्टीलची असेल तर चांगला ब्रेझिंगवाला (पितळेने जोड देणारा) बघून दुरुस्त होते. अल्युमिनियमची असेल तर कोपऱ्यावर वेल्ड मारून आणू नका राव, कितीही स्वस्तात झालं तरी. ६०६१ सारखं अल्युमिनियम उष्णता देऊन मजबूत केलेलं असतं, वेल्डच्या शेजारी ती मजबुती उतरते आणि पुन्हा हीट ट्रीटमेंट केल्याशिवाय परत येत नाही. तशी फ्रेम शर्यतीला घ्यायची नाही, चालवणारा ५५ किलोचा असला तरी.

आणि पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे फिरून आलेल्या स्टीलच्या फ्रेम एकदा सीटपोस्ट काढून उलट्या करा, आतून गंजाचं पाणी निघालं तर आधी बॉटम ब्रॅकेट उघडून बघा.

मार्गाचं म्हणाल तर त्र्यंबक रोड बरोबर आहे, महिरावणीच्या पुढे हलका चढ, मोठा घाट नाही. कोणीतरी पेठ रोडचा सावळघाट सुचवलाय, तो पहिल्या वर्षी नको, चढायचं जमेल पण उतारावर एका गिअरचे पाय पुरत नाहीत आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक मात्र पुढे-मागे दोन्ही पाहिजेत, फिक्स गिअरवाल्यांनाही, यावर माझी अजिबात तडजोड नाही.

काकांना फोन केला होता. २० दातांचं फ्रीव्हील मिळतंय का बघायला ते उद्या दुकानात जाणारेत.