दार न वाजवता

रविवार, रात्री उशिरा

आज बर्लिनमधल्या स्टासीच्या जुन्या मुख्यालयात जाऊन आले. पूर्व जर्मनीचं गुप्तचर मंत्रालय इथून चालायचं, आता संग्रहालय आहे. मंत्री एरिश मिल्के 1957 पासून 1989 पर्यंत इथे बसत होता. त्याच्या सकाळच्या न्याहारीत कुठली वस्तू कुठे मांडायची, याचा आराखडा सेक्रेटरीनं एका कार्डावर काढून ठेवला होता, ते पाहून हसू आलं. पण डोक्यातून जात नाहीयेत ते पोलरॉइड फोटो, काढल्या काढल्या कॅमेऱ्यातून छापून बाहेर येणारे.

हुकूमशाहीतले पोलीस म्हटलं की मला नेहमी मध्यरात्री धडाधडा वाजणारं दार आठवायचं. हे लोक दिवसाढवळ्या यायचे, घरात कुणी नसताना. घरचे कामावरून लवकर निघत नाहीत ना, यावर कुणीतरी नजर ठेवायचं. शेजाऱ्यांनाही काहीतरी निमित्त काढून लांब ठेवायचं. मग कुलूप उघडून आत. कशालाही हात लावण्याआधी फोटो काढायचे. विस्कटलेला पलंग, कपाटाचे कप्पे, टेबलावरचा पसारा. झडती झाली की फोटो बघून सगळं होतं तसं लावायचं. पसारासुद्धा! स्वतःचं घर आपण एवढ्या काळजीनं कधी आवरतो?

1989 मध्ये स्टासीचे पगारी नोकरच सुमारे 91,000 होते. खबरे वेगळे, जवळजवळ 1,89,000. आकडे वहीत लिहून घेतले खरे, पण मला दिसत होता तो त्यातला एकच माणूस, हातात फोटो धरून दुसऱ्याच्या पलंगावरची चादर पुन्हा चुरगळणारा.

आणि हेच कसब त्यांनी उलटंही वापरलं. जानेवारी 1976 च्या एका आदेशानं त्याला नियमात बसवलं. शब्द होता ‘त्सेरझेत्सुंग’. शब्दशः विघटन, मला ‘कुजवणं’ जास्त बरोबर वाटतं. माणसाला अटक करायची नाही, आतून पोखरायचं. त्यातलाच एक प्रकार म्हणजे घरात शिरून काहीही न चोरता वस्तू हलवून ठेवणं. समजा, गजराची वेळ बदलली किंवा टॉवेल दुसरीकडे टांगला. सांगणार कुणाला? पोलिसांत जाऊन म्हणायचं, माझा टॉवेल सरकलाय? नवऱ्यालाही पटणार नाही. चार-सहा वेळा असं झालं की स्वतःलाच पटेनासं होतं.

1992 च्या जानेवारीपासून लोकांना आपापल्या फायली वाचता येऊ लागल्या. त्यात अशी एखादी बाई असेल. इतक्या वर्षांनी कागदावर वाचलं असेल तिनं, की त्या दिवशी खरंच कुणीतरी आलं होतं. मला वाटतं, भीती नंतर वाटली असेल. आधी हायसं वाटलं असेल.

आमच्या आईला तिच्या कपाटाला कुणी हात लावला की लगेच कळायचं. कशावरून ते तिला सांगता यायचं नाही. “कुणीतरी उघडलंय,” एवढंच म्हणायची. मी म्हणायचे, “अगं, तुला भास होतोय.”

हात मीच लावलेला असायचा.