ऐरोलीतला बाक आणि वेल्डिंग मशीनची स्वतंत्र लाइन : तिसरी नोंद

गेल्या नोंदीत मी लिहिले होते की २५ बाय २५ मिलिमीटरच्या स्क्वेअर पाइपचा बाक उभा राहू लागला आहे आणि २.५ मिलिमीटरचा ६०१३ जातीचा वेल्डिंग रॉड ८० अँपिअरवर छान चालतो आहे. त्यानंतर पंधरा दिवस मी एकही टाका मारलेला नाही. त्या संध्याकाळी काम आटोपून मशीनचा प्लग काढला, तेव्हा पितळी पिनांचा बोटांना चटका बसला, आणि फेजच्या पिनेच्या मुळाशी पांढऱ्या प्लॅस्टिकवर तपकिरी कडे उमटलेले दिसले. एवढ्या काळात एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) एकदाही पडला नव्हता, आणि तो पडत नाही त्या अर्थी सगळे ठीक आहे असेच मी धरून चाललो होतो. ही समजूत किती घातक आहे हे माझ्यासारख्या घरी वेल्डिंग करणाऱ्यांना आकड्यांसह सांगावे, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

आधी मशीन किती वीज ओढते ते पाहू. ८० अँपिअरवर आर्कचा दाब साधारण २३ व्होल्ट असतो, म्हणजे रॉडच्या टोकाशी सुमारे १,८५० वॅट खर्च होतात. साध्या इन्व्हर्टर (हलक्या, इलेक्ट्रॉनिक) मशीनची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.७ धरला, तर २३० व्होल्टच्या सॉकेटमधून १४ अँपिअरच्या आसपास करंट जातो. वायरीभोवती चिमट्यासारखा लावायच्या क्लॅम्प मीटरनेही तेवढाच दाखवला. मात्र या मशीनचा करंट टोकदार ठोक्यांनी वाहत असल्यामुळे मीटर ट्रू आरएमएस, म्हणजे कशाही आकाराचा करंट खरा मोजणारा, असावा लागतो, साधा मीटर आकडा कमी दाखवतो. मशीनवर ठळक अक्षरांत छापलेल्या २०० अँपिअरवर खरोखरच काम करायचे म्हटले, तर याच हिशेबाने ४० अँपिअरहून जास्त करंट लागेल, आणि तो घरातल्या कोणत्याही १६ अँपिअरच्या सॉकेटला झेपणार नाही. म्हणून खरेदी करताना दर्शनी आकडा न पाहता मागच्या पट्टीवरचा इनपुट करंट वाचावा.

मग १४ अँपिअरला १६ अँपिअरचे सॉकेट का तापले? आमचे घर सिडकोच्या जुन्या वसाहतीतले रो-हाउस आहे, आणि मागच्या अंगणातला पॉवर पॉइंट आमच्या आधीच्या मालकांच्या काळात वाढवलेला आहे. ओळखीतल्या परवानाधारक वायरमन दादांना बोलावले. त्यांनी मेन बंद करून सॉकेट उघडले, तेव्हा आत १.५ चौरस मिलिमीटरची वायर निघाली, आणि तिच्यावर डीबीमध्ये (एमसीबींच्या मुख्य डबीत) २० अँपिअरचा एमसीबी बसवलेला होता. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलचा स्क्रू हिरवट पडला होता, आणि लहान-मोठ्या दोन्ही पिना घेणाऱ्या त्या सॉकेटची आतली पाती इतकी सैल झाली होती की प्लग आपल्याच वजनाने खाली झुकत असे.

त्यानंतर दादांनी मोजमाप केले. मशीन बंद असताना सॉकेटवर २३१ व्होल्ट होते. मी भंगाराच्या पट्टीवर आर्क धरला, तेव्हा मशीनच्या प्लगमधल्या टर्मिनलवर २२२ राहिले. गेलेल्या नऊ व्होल्टांपैकी अडीच डीबीपर्यंतच गेले होते. १५ मीटर जाऊन-येऊन ३० मीटर भरणाऱ्या त्या बारीक वायरचे हिशेबाने पाच होतात. उरलेला दीड व्होल्ट सैल पात्यांत आणि गंजलेल्या स्क्रूत जात होता. दीड व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो, पण १४ अँपिअरने गुणल्यावर २१ वॅट होतात, म्हणजे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता प्लॅस्टिकच्या बंद डबीत साठत होती. त्यातून करंट वाढत नाही, त्यामुळे एमसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही. दादा म्हणाले, ‘‘एमसीबी वायर वाचवायला असतो हो. आणि इथं तर तो वायरीच्या ताकदीपेक्षाही मोठा बसवलाय.’’

जुना पॉइंट आम्ही कायमचा बंद केला. आता डीबीतून थेट अंगणापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची फेज, न्यूट्रल आणि वेगळी अर्थ वायर पाइपमधून ओढली आहे. तिच्यावर २० अँपिअरचा सी प्रकारचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आहे. मशीन चालू करताना आतले कपॅसिटर क्षणभर जोराचा करंट ओढतात. बी प्रकारचा एमसीबी आपल्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या तीन ते पाच पटींत झटकन पडतो, सी प्रकार पाच ते दहा पटींत, म्हणून सी घेतला. सॉकेट निळे, ३२ अँपिअरचे इंडस्ट्रियल घेतले, कारण त्याची पकड घट्ट असते आणि त्याला पावसापासून बचावाचे झाकण असते. वायरींच्या सर्व टोकांना लग (धातूची टोपणे) दाबून क्रिंप केले आहेत. मशीनच्या वायरीला त्याच जातीचा प्लग लावला. एक्स्टेंशन बोर्ड आणि मल्टिप्लग यांना या कामातून पूर्ण रजा दिली आहे. ज्यांना एक्स्टेंशन टाळता येत नाही, त्यांनी निदान २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरावी, कारण गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतच कोंडते.

आरसीसीबीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. मशीनची आउटपुट बाजू आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे घराच्या विजेपासून अलग असते. त्यामुळे ओल्या हाताने रॉडचा होल्डर आणि जॉब (वेल्ड करायचा तुकडा) एकाच वेळी धरला तर आरसीसीबी पडणार नाही. रॉड टेकवण्याआधी तिथे साठ-सत्तर व्होल्ट असू शकतात. आपल्याकडच्या दमट हवेत हातमोजे घामाने भिजतात, म्हणून मी दोन जोड ठेवतो. तसेच ज्याला आपण बोलीत ‘अर्थ क्लॅम्प’ म्हणतो तो अर्थिंग नव्हे. तो जॉबवरच, टाक्याच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी लावावा. खिडकीच्या ग्रिलला किंवा नळाला लावला, तर वेल्डिंगचा करंट घराच्या अर्थ वायरीतून वाट काढून ती वितळवू शकतो.

वीजबिलावरचा मंजूर भारही पाहून घेतला. वेल्डिंग चालू असताना गीझर आणि एसी बंद, असा घरात नियम केला आहे. शेजाऱ्यांचे गेट पैसे घेऊन करून देण्याची विनंती मी नाकारली, कारण घरगुती जोडणीवर व्यवसाय करणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो.

रविवारी नव्या लाइनवर लागोपाठ तीन रॉड जाळले. प्लगमध्ये २३१ चे २२६.५ झाले, म्हणजे घट साडेचार व्होल्टांवर आली. तिसरा रॉड संपताच एमसीबी बंद करून प्लग काढला आणि पिनांना बोट लावले : जेमतेम कोमट. बाकाचे मागचे दोन पाय अजून जोडायचे आहेत. गणपतीनंतर, पाऊस ओसरला की, सॉकेट पुन्हा उघडून स्क्रू आवळणार आहे आणि हिरवटपणा आला आहे का ते पाहून पुढच्या नोंदीत कळवीन.