आरटीएक्स ३०५० घ्यायचं, पण कोणतं? बजेट ग्राफिक कार्ड घेतानाचा माझा अनुभव

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गेमिंगसाठी ग्राफिक कार्ड मागितलं की दुकानदार पहिले हेच विचारते, "किती जीबीचं देऊ भाऊ?" आणि ४ जीबी म्हटलं की जीटी ७३० काढून समोर ठेवते. ते २०१४ चं कार्ड आहे, डीडीआर३ म्हणजे जुन्या, हळू मेमरीवालं, गेमिंगच्या कामाचं नाही. जीबीवर जाऊ नका रे पोट्टेहो, मनापासून सांगतो.

माझा पीसी ऑफिसातून निघालेला सेकंडहँड, चौथ्या जनरेशनचा आय५, कंपनीचाच २९० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीले करंट देणारा डब्बा. त्याच्यात कार्डाला करंट द्यायची ६ पिनची वायरच नाही, आणि बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही काहून की मदरबोर्डचा कनेक्टर वेगळा आहे. म्हणजे कार्ड बसते त्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून जे ७५ वॅट भेटते त्याच्यावरच कार्ड चाललं पाहिजे. आरएक्स ६६०० लय मस्त कार्ड, पण १३२ वॅट आणि ८ पिनची वायर, तिथंच कटलं. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त, पण त्याले पण वायर लागते, आणि ते स्लॉटमधल्या डेटाच्या चारच लेन वापरते, आपल्या जुन्या पीसीआय ३.० बोर्डवर डेटा जायचा वेग अर्धा होते, कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अटकून अटकून चालते. मग उरलं जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं, ७० वॅटचं, २०२४ मध्ये आलेलं. मी ३०५० धरलं.

आता खरी कटकट इथून सुरू झाली. ३०५० नावाची दोन कार्डं आहेत. २०२२ चं ८ जीबीवालं, २५६० कोर (काम करणारे छोटे प्रोसेसर), १२८ बिट बस विड्थ (मेमरीचा रस्ता किती रुंद ते), १३० वॅट, वायर लागणारं. आणि ६ जीबीवालं, २३०४ कोर, ९६ बिट, बिनवायरचं. फरक नुसता २ जीबीचा नाही, कार्डच वेगळं आहे. आणि दुकानात विचारलं तर, "दोन्ही सेमच आहे, आठवालं घेऊन जा, जास्त चालते." मी म्हटलं डब्ब्याच्या मागचा फोटो पाठवा, मॉडेल नंबर दिसला पाहिजे. तर त्यानं इंटरनेटवरचा फोटो पाठवला! परत मागितला तर म्हणे या, इथं पाहून घ्या. अरे, एसटीनं एवढं यायचं, तिथं भलतंच कार्ड निघालं तर वापस कोण घेणार? पक्क्या बिलावर नुसतं 'आरटीएक्स ३०५०' लिहिणार, मग भांडाल कशाच्या जोरावर? मी काही सोडलं नाही, रोज मेसेज टाकत राहिलो. शेवटी त्याच दुकानातल्या कामाच्या पोरानं कार्ड डब्ब्यातून काढून वरच्या काठाचा फोटो पाठवला. काठ सपाट होता, वायरचं काळं सॉकेट नव्हतं, स्टिकरवर ६ जीबी. तो फोटो पाहून जे बरं वाटलं ना, काय सांगू. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घेतला तेव्हाच पैसे दिले.

१६५० घेत असाल तर तिथं पण हेच आहे बरं का, जीडीडीआर५ आणि जीडीडीआर६ अशा दोन मेमरीवाले, दोन्ही त्याच नावानं विकते, काही मॉडेलला ६ पिन लागते. काठाचा फोटो मागाच.

कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला, काही त्रास नाही. जीटीए फाइव्ह मक्खन चालून राहिलं. घरी आणल्या आणल्या जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बस विड्थ पाहून घ्या, ९६ की १२८ लगेच कळते, सेकंडहँड असलं तर नकली कार्ड पण बहुतेक वेळा तिथंच पकडल्या जाते. आणि आपल्याकडं संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, म्हणून यूपीएस पहिले, कार्ड मागून.

अजून एक, हे आधीच सांगायला पाहिजे होतं. जुन्या मॉनिटरला नुसतं व्हीजीए असलं तर या कार्डाला ते पोर्टच नाही, एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर त्याच दिवशी घेऊन या, नाहीतर कार्ड घरी आणि स्क्रीन काळी, असं बसावं लागते.