काका, सगळी हातानं बनवलीत?

दिवाळीच्या फराळाला आलेला पाहुणा पहिली चकली संपायच्या आत भिंतीवरच्या बंदुकीकडे बघतो आणि विचारतो, "काका, ही खरंच सगळी तुम्ही हातानं बनवलीत?" पहिली दोन वर्षं मी "हो" म्हणून चिवड्याची वाटी पुढे सरकवायचो. ते उत्तर अर्धं खोटं होतं. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. चहा गार होईल, त्याला इलाज नाही.

भिंतीवर आहे ती लाँगरायफलची प्रतिकृती. आपल्याकडे कोकणात शेतात रानडुक्कर शिरू नये म्हणून परवान्यावर ठेवतात ना, ठासणीची बंदूक? तिच्याच जातीची, फक्त घराणं वेगळं. आम्ही राहतो त्या पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकात जर्मनी-स्वित्झर्लंडकडून आलेले कारागीर स्थायिक झाले. येताना त्यांनी येगर रायफल आणली. आखूड, जाड, मोठ्या तोंडाची. इथल्या जंगलात शिकारी महिनोन्‌महिने भटकायचा, तेव्हा शिसं आणि दारू जपून वापरायला हवी. एक पौंड शिशातून साठ कॅलिबरच्या, म्हणजे ०.६० इंच तोंडाच्या नळीच्या, बावीसेक गोळ्या होतात, पन्नास कॅलिबरच्या चाळीस. तोंड लहान झालं, नळी वाढत वाढत साडेतीन-पावणेचार फुटांवर गेली आणि दस्ता इथल्या मेपलचा झाला. लँकेस्टर, बेथलेहेम, रेडिंग, प्रत्येक गावाची ढब वेगळी. जाणकार माणूस दस्त्याचा नुसता उतार बघून गाव सांगतो, आपण नथ बघून घराणं ओळखावं तसं. माझी लँकेस्टर पद्धतीची आहे.

मी पुण्यात आयटीआयला फिटर होतो. पहिले दोन महिने एकच काम: लोखंडाचा ठोकळा आणि कानस. सहाही बाजू काटकोनात आल्याशिवाय सर ड्रिलला हात लावू देत नसत. पुढे टूलरूम, मग इकडे येऊन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं, आणि तीस वर्षांत कानस फक्त कडा मोडायला उरली. निवृत्तीनंतर नाझरेथजवळच्या जेकब्सबर्गच्या संग्रहालयात काचेमागे एक जुनी रायफल बघितली. नळी दस्त्यात बसली होती तिथे लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये कागद सरकला नसता. हे कानशीनं आणि पटाशीनं केलं आहे हे कळत होतं. कसं केलं ते कळत नव्हतं. तिथून हे खूळ लागलं.

तर आता कबुली. नळी मी बनवलेली नाही. विकत आणली, यंत्रावर पोखरलेली, गोळीला फिरकी देणारे आतले आटेही यंत्रानं कापलेले. लॉकसुद्धा तयार. म्हणजे ज्यात गारगोटी धरतात तो घोडा, ती आपटते ती पोलादी पाती, खालची रंजकाची (ठिणगीनं पेटणाऱ्या चिमूटभर दारूची) वाटी आणि आतल्या स्प्रिंगा. पितळेचा चापाभोवतीचा कठडा आणि दस्त्याच्या टोकाची पट्टी ओतीव आली, खडबडीत, कानशीची वाट बघत.

इथे पाहुण्याचा चेहरा पडतो. "मग हातानं काय केलंत?"

पण जुने लोक तरी कुठे सगळं स्वतः करत होते! लँकेस्टरचा जेकब डिकर्ट हा या धंद्यातला मोठा माणूस. त्याचं नाव नळीच्या वरच्या पट्टीवर कोरलेलं असायचं. त्या काळच्या पुष्कळ लाँगरायफलींच्या लॉकवर मात्र केटलँड हे नाव सापडतं, आणि ते लॉक इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमहून जहाजानं यायचं. नळ्या ओढ्याकाठच्या पाणचक्क्यांवर चालणाऱ्या कारखान्यांतून घ्यायचे. लोखंडाची जाड पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची, दोन-दोन इंच करत ठोकून सांधायची, मग आतून पोखरायची. एकट्याचं काम नव्हेच. एक तापवणार, एक ठोकणार. आधुनिक काळात हे सगळं, नळीपासून स्क्रूपर्यंत, पुन्हा जुन्या पद्धतीनं करून दाखवलं ते व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गचे बंदूक-कारागीर वॉलेस गसलर यांनी, १९६०च्या दशकात. त्यांना विचारलंत तर "सगळी हातानं" हे उत्तर शोभतं. मला नाही.

माझं काम लाकडाचं. लाकडात लोखंड बसवण्याचं.

मेपलची फळी आली तेव्हा पांढुरकी होती, जरा ओशाळल्यासारखी. नीट बघितलं तर आत आडवे पट्टे, म्हणून इथे तिला टायगर मेपल म्हणतात. पट्टे असतात कारण धागा लाटेसारखा वरखाली जातो, आणि म्हणूनच रंधा मारला की एका लाटेवर साफ कापतो, पुढच्या लाटेवर खपली काढतो. आठवड्याभरात रंधा ठेवून दिला आणि पोलादाच्या पातळ पत्र्यानं खरवडत बसलो.

नळी बसवायची रीत अशी. नळी अष्टकोनी, पण सरळसोट नाही: मागे जवळजवळ एक इंच जाड, मध्ये कंबर बारीक, तोंडाशी पुन्हा किंचित रुंद. तिच्या खालच्या तीन पट्ट्यांना काजळी लावायची. मी तेलाचा दिवा लावून वर नळी धरायचो. बायको म्हणाली, "आई तांब्याच्या पळीवर काजळ धरायच्या, अगदी तसं." काजळी धरली की नळी खाचेत ठेवायची, लाकडी हातोडीनं दोन हलके ठोके द्यायचे, उचलायची. लाकडाला जिथे काळा डाग, तिथेच ते टेकतंय. तेवढाच डाग पटाशीनं उचलायचा, कागदासारखा पातळ. पुन्हा काजळी, पुन्हा ठेव, ठोक, उचल. सुरुवातीला चार डाग दिसतात. मग दहा. काम चांगलं चाललंय याची खूण म्हणजे डाग वाढत जातात. शेवटी सगळी खाचच काळी होते आणि नळी खाली बसताना 'टक' न वाजता 'टप्प' असा दबका आवाज येतो. ही नळी बसायला मला सात आठवडे लागले. टूलरूममध्ये प्रशियन ब्लू हा निळा रंग लावून आम्ही हेच करत होतो, पण तिथे दोन्ही बाजूंना लोखंड असायचं. लाकडाला एकदा जास्त कापलं की ते कापलंच.

मग गजाचं भोक. ठासायचा गज नळीच्या खाली दस्त्यात राहतो. त्याच्यासाठी तीन सुताचं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भोक, लांबच लांब ड्रिलनं, दस्त्याच्या आत दीड वीत पोखरायचं. नळीची खाच आणि हे भोक यांच्यामध्ये लाकूड राहतं एक सूत. ड्रिल आत काय करतंय ते दिसत नाही. दोन इंच आत, बाहेर काढ, भुसा झटक, पुन्हा आत. मी श्वास रोखून केलं, आणि सरळ गेलं असं समजून त्या रात्री श्रीखंड मागवलं.

दोन महिन्यांनी लॉकच्या मोठ्या स्प्रिंगसाठी खड्डा कोरत होतो. पटाशीचं टोक एकदम पोकळीत गेलं. ड्रिल लॉकच्या बाजूला वाकलं होतं. खड्ड्याच्या तळाला डोळ्याएवढं भगदाड, त्यातून गज दिसतोय. फळी फुकट गेली असं धरून दोन दिवस तळघरात उतरलो नाही. मग ज्यांच्याकडून शिकत होतो त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे, हे मूळचे जर्मन घराण्यातले शेतकरी, ती घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, भगदाडात बोट घातलं आणि हसले. जुन्या बंदुकांची लॉकं काढून बघ म्हणाले, आत हे भोक कितीतरी ठिकाणी दिसेल. बाहेरून दिसत नाही ना, मग झालं.

झालं खरं, पण डोक्यात काहीतरी फिरलं. तीस वर्षं मी ड्रॉइंगवरून काम केलं. पन्नास मिलिमीटर म्हणजे पन्नास, वर-खाली किती चालेल तेही लिहिलेलं. याच देशात १८२०च्या दशकात हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रकारखान्यात जॉन हॉल यांनी असल्याच शिस्तीनं सरकारी रायफली बनवल्या, एकीचा भाग दुसरीला बसावा अशा. माझी भाकरी त्या शिस्तीची. आणि इथे ड्रॉइंगच नाही. नळी बसली की तिच्या कानावरून लॉकची जागा ठरते, लॉकवरून चापाची, चापावरून दस्त्याच्या मनगटाची, म्हणजे मुठीत धरायच्या भागाची, जाडी, आणि दस्त्याची लांबी माझ्या कोपरावरून. एक भाग चुकला तर पुढचा त्याच्याशी जुळवून घेतो. या बंदुकीचं लॉक काढून शेजारच्या बंदुकीत घातलं तर बसणार नाही, आणि ते कोणाला खटकतही नाही. सुरुवातीला मला फार खटकायचं.

कान म्हटलं ते मुद्दाम. तोफांच्या कानात खिळे ठोकले हे आपण इतिहासात वाचलेलं असतं, तोच हा कान: नळीच्या बाजूचं बारीक छिद्र, ज्यातून आग आत जाते. इंग्रजी नावं पाठ करताना मी अडखळायचो, तर एक दिवस लक्षात आलं की आपल्याकडे सगळी नावं आहेत. घोडा, चाप, गज, कान, रंजक, माशी. चकमकसुद्धा. पेपरात चकमक म्हणजे गोळीबार, पण मुळात ती ठिणगी पाडायची गारगोटी.

रंगाबद्दल थोडक्यात. नायट्रिक अॅसिडमध्ये लोखंड विरघळवून ते लाकडाला लावतात. अंगणात, हातमोजे घालून. लावल्यावर दस्ता बुरसटलेल्या पावासारखा हिरवट दिसला. बायकोनं खिडकी लावून घेतली. मग गरम हवेचा झोत जवळून फिरवला, आणि जिथे झोत जाईल तिथे हिरवट रंग उडून तांबूस तपकिरी उमटू लागला, त्यात काळे पट्टे एकेक उभे राहिले. उरलेलं अॅसिड खायच्या सोड्यानं मारलं, वर जवसाचं तेल. वर्षभरात एवढी एकच गोष्ट झटपट झाली.

"घरात बंदूक?" हेही विचारतात, आणि ते विचारायलाच हवं. अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा ठासणीच्या प्रतिकृतीला बहुतेक बाबतीत बंदूक धरत नाहीत. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. नळी माझ्या दारात साध्या पार्सलनं आली. मला हे सोयीचं झालं, तरी जरा विचित्रच वाटतं. नातवंडं येतात तेव्हा घोड्यातली गारगोटी काढलेली असते आणि दारू घरात नसते. (हे वाक्य मंडळात म्हटलं की हमखास हशा होतो.) शिकार मी करत नाही. कागदावर मारतो.

चौदाव्या महिन्यात पहिला बार. बायको बरोबर आली, शाल आणि थर्मास घेऊन. दारू मोजून ओतली, तेलकट कापडात गुंडाळलेली गोळी गजानं ठासली, वाटीत रंजक घातलं, घोडा चढवला, चाप ओढला. फस्स! गालाजवळ भपका, धुराचं एक वेटोळं, आणि बस्स. रंजक पेटलं, आतली दारू पेटली नाही. फुसका बार हा शब्द मी आयुष्यभर राजकारण्यांसाठी वापरला. त्याचा खरा अर्थ त्या दिवशी नाकात गेला. नळी निशाण्याकडेच रोखून मिनिटभर थांबलो, मागाहून पेटू शकते म्हणून. गंज चढू नये म्हणून नळीत सोडलेलं तेल कानात उतरून बसलं होतं.

"पिन आहे का गं?"

तिनं शालीची सेफ्टी पिन काढून दिली. कान टोचून साफ केला, नवं रंजक घातलं. या वेळी रंजक आणि बार वेगळे ऐकूच आले नाहीत, एकच घुमारा. धूर हलेपर्यंत काही दिसेना. वास मात्र नरकचतुर्दशीच्या पहाटेचा.

गोळी कागदावर खाली डाव्या कोपऱ्यात लागली होती. खाली लागणं अपेक्षितच, कारण नेम धरायची पुढची माशी मुद्दाम उंच ठेवतात. ती जसजशी घासावी तसतशी गोळी वर चढते. नेम धरायची मागची खाच उजवीकडे ठोकली की गोळी उजवीकडे. खिशातून बारीक कानस काढली.

"आता काय राहिलं?" बायकोनं विचारलं.

"दोन हात मारतो," म्हटलं. तिनं थर्मास उघडला आणि स्वतःपुरताच चहा ओतला.