दादाच्या ओठांवरचा शब्द

पक्षाघातानंतर दादाचं चालणं सावरलं, बोलणं मात्र अडकलं. त्याला वाचाघात म्हणतात. दादाच्या प्रकारात समज शाबूत असते, काय म्हणायचंय तेही पक्कं असतं, पण हवा तो शब्द हाताला लागत नाही. वाचोपचारतज्ज्ञ बाई त्याला शब्दाची नुसती सुरुवात द्यायच्या. त्यांनी "कि..." म्हटलं की दादा "किल्ली!" म्हणायचा. पण त्या आठवड्यातून दोनदाच भेटायच्या. बाकीच्या दिवशी ती सुरुवात कोण देणार? म्हणून मी गळ्यात अडकवायचं यंत्र करायला घेतलं. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू नावाचा चिमुकला संगणक, कॉलरला मायक्रोफोन आणि हाडांतून आवाज पोचवणारा हेडफोन, म्हणजे कान मोकळे राहतात.

मला वाटलं होतं, बोललेलं ओळखणं हाच अवघड भाग असणार. व्हिस्पर हे बोललेलं लिहून देणारं मॉडेल मराठी ओळखतं, म्हणून आधी लॅपटॉपवर तेच लावून पाहिलं. दादा मध्येच थांबला की ते त्या शांततेत त्यानं न उच्चारलेले शब्द भरायचं. २०२४ सालच्या एका अभ्यासात वाचाघात असलेल्यांच्या बोलण्यात व्हिस्परकडून अशी भर जास्त पडते असं दिसलं होतं. ते वाचल्यावर माझी चूक शोधणं मी थांबवलं. शिवाय ते "अं" आणि अर्धे शब्द गाळून वाक्य गुळगुळीत करून द्यायचं. मला तर ते अडखळणंच हवं होतं. आणि रास्पबेरी पायच्या ५१२ एमबी मेमरीत मोठं मॉडेल मावणारही नव्हतं.

मग सगळं बोलणं ओळखायचा हट्ट सोडला. दादाच्या रोजच्या साठेक शब्दांची यादी केली, त्याच्याच आवाजात नमुने घेतले आणि तेवढेच शब्द ओळखणारं छोटं मॉडेल तयार केलं. अडलेला शब्द कोणता, याचा अंदाज आधीच्या शब्दांवरून बांधायचा. इथे मराठीनं मोठा हात दिला. "माझा... कुठंय?" म्हटलं तर मोबाईल किंवा चष्मा, "माझी" म्हटलं तर काठी किंवा किल्ली, "माझं" म्हटलं तर पाकीट किंवा पुस्तक. शब्द आठवत नसताना त्याचं लिंग आठवू शकतं, हे इटालियन भाषिकांवरच्या १९९७ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. दादाच्या बाबतीतही बहुतेक वेळा तसंच होतं.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते शांततेवर. पहिल्यांदा दीड सेकंद शांतता झाली की यंत्र सुचवायचं. दादानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. शब्द येतच होता आणि यंत्रानं तो तोंडातून काढून घेतला होता. मी थांबायची वेळ चार सेकंदांवर नेली, तर सुचवणंच बंद पडलं, कारण आवाज आहे की नाही हे तपासणारा भाग दादाच्या प्रत्येक "अं"ला बोलणं समजून पुन्हा शून्यापासून मोजायचा. शेवटी लांबलेला, एकाच पट्टीतला स्वर म्हणजे थांबणंच, असं धरायला लावलं. समोरचा माणूस बोलता बोलता गप्प झाला तरी यंत्र दादालाच सुचवू लागायचं, म्हणून बोलतोय तो दादाच ना हे कळायला त्याच्या गळ्याची थरथर टिपणारा सेन्सर जोडला.

पहिला ध्वनी आधी संगणकाच्या आवाजात दिला होता. त्याला "चाक"मधला च आणि "चार"मधला च सारखाच. आपल्याला लिहिताना फरक दिसत नाही, कानाला मात्र लगेच कळतो. चुकीचा च ऐकला की दादा भलत्याच शब्दाकडे वळायचा. म्हणून सगळ्या सुरुवाती मी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या.

इतकं करूनही यंत्र दादाला आगाऊ वाटत होतं. त्यानं बोटानं माझा हात दाबून दाखवलं, "मी... मी सांगेन." म्हणून बाजूला एक बटण बसवलं. आता यंत्र अंदाज तयार ठेवतं, पण दादानं बटण दाबल्याशिवाय गप्प राहतं. एकदा दाबलं की पहिला ध्वनी, दुसऱ्यांदा दाबलं की पूर्ण शब्द. दुसऱ्यांदा दाबायची वेळ तो सहसा येऊ देत नाही.

परवा त्यानं यादीत घालायला मुलीचं नाव लिहून दिलं. त्याची सुरुवात त्याला माझ्या नाही, तिच्याच आवाजात हवी आहे.