नवं इंजिन बसलं, आता ऑइलचा निर्णय

मंडळी, गाडीत नवं इंजिन बसलं. वॉरंटीत पूर्ण लाँग ब्लॉक (म्हणजे जवळपास पूर्ण इंजिन, यादी पुढे दिली आहे) मिळाला आणि आता रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवायचा काळ, चालू आहे. मागच्या नोंदीत 'खालून आवाज येतोय, तपासणी चालू आहे' एवढंच लिहिलं होतं. त्यानंतरचं सगळं इथे एकत्र देतो. ऑइलबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे, कारण या काळात माझं सर्वात जास्त वाचन त्यावरच झालं.

निदान कसं झालं

इंजिन दीड लिटरचं, टर्बो, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं. सुरुवात डिपस्टिकपासून, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीपासून, झाली. दोन सर्व्हिसच्या मध्येच पातळी खाली जायला लागली. खाली डाग नाही, मागून धूर नाही. मग गार इंजिन चालू केलं की खालच्या बाजूने जड ठकठक, आणि काही दिवसांनी ती इंजिन तापल्यावरही राहायला लागली.

टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज आणि कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा आवाज यांत गल्लत होते, म्हणून सांगतो. टॅपेटची टिकटिक हलकी असते, वरून येते, आणि तिचा वेग क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) निम्मा असतो, कारण व्हॉल्व्ह चालवणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. रॉडचा आवाज जड, खालून येणारा आणि क्रँकच्या वेगाने चालणारा. एकेका सिलिंडरची स्पार्क देणारी कॉइल काढून पाहिली तर दोषी सिलिंडरच्या वेळी ठकठक बरीच मंदावते, कारण त्या पिस्टनवर स्फोटाचा जोर येणंच बंद होतं. आमच्याकडे तिसऱ्या सिलिंडरला हाच फरक पडला.

वर्कशॉपने आधी ऑइलच्या खपाची चाचणी लावली. पातळी भरायची, ड्रेन नट आणि फिल्टरवर खुणा करायच्या, ठरलेलं अंतर चालवून परत मोजायचं. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण टाळू नका. काही कंपन्या १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा मानतात, त्यामुळे 'जास्त ऑइल खाते' हे बोलून उपयोग नसतो, मोजलेला आकडा लागतो.

नंतर चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवला. ऑइलमध्ये चकाकी होती. फिल्टर कापून त्याच्या घड्या पसरल्या तर बारीक चमकदार पापुद्रे निघाले, आणि त्यांतले बहुतेक लोहचुंबकाला चिकटत नव्हते. चिकटले असते तर लोखंड किंवा पोलाद झिजतंय असं समजलं असतं; न चिकटणारा धातू बहुधा बेअरिंगच्या थराचा, म्हणजे ॲल्युमिनियम किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा. कॅमेरा आत घालून बोअर (सिलिंडरची आतली भिंत) पाहिला तेव्हा तिथे उभे ओरखडेही दिसले. नुसतं बेअरिंग बदलून भागण्यासारखं नव्हतं. कंपनीने लाँग ब्लॉक मंजूर केला.

मंजुरीआधी सर्व्हिसचा सगळा इतिहास मागितला गेला. माझ्या फाइलमध्ये प्रत्येक ऑइल बदलाची तारीख, ओडोमीटरचा फोटो, ऑइलचा ग्रेड, त्यावरचं मानक, फिल्टरचा क्रमांक आणि बिल असं सगळं होतं. दाव्यावर पुढे एकही शंका आली नाही. बिलावर नुसतं 'इंजिन ऑइल' लिहिलेलं असेल तर तिथल्या तिथे ग्रेड आणि मानक लिहून घ्या. पुढे वाद झालाच तर प्रश्न याच दोन गोष्टींवर येतो.

जुन्यातलं काय नव्यावर येतं

लाँग ब्लॉक म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेड, कॅमशाफ्ट आणि बहुतेक वेळा टायमिंगचा संचही. टर्बो, इंजेक्टर, मॅनिफोल्ड, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि ऑइल कूलर हे सहसा जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर चढवतात. माझी काळजी इथे होती. बेअरिंग झिजून सुटलेला धातू ऑइलबरोबर सगळीकडे फिरलेला असतो. कूलरच्या आतल्या वाटा इतक्या बारीक असतात की तो कितीही धुतला तरी स्वच्छ झाल्याची खात्री देता येत नाही, आणि तो तसाच बसवला तर जुन्या इंजिनाचा कचरा थेट नव्याच्या बेअरिंगकडे जाऊ शकतो.

म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच लेखी मागणी दिली: ऑइल कूलर नवा, टर्बोला ऑइल नेणारी नळी नवी, व्हॉल्व्ह टायमिंगचे ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह नवे, टर्बो तपासून अहवाल द्यावा, इंटरकूलर उतरवून त्यातलं ऑइल काढावं. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तिथे एक पापुद्रा अडकला तरी पुरे. कूलर, नळी आणि व्हॉल्व्ह नवे मिळाले. टर्बोच्या शाफ्टची ढिलाई मोजली, ती मर्यादेत निघाली, म्हणून तोच ठेवला. मला तोही नवा हवा होता, पण मोजमाप समोर ठेवल्यावर हट्ट धरायला जागा नव्हती.

आणखी एक विचारून घ्या: इंजेक्शन पंपाकडून इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलकडे जाणारी उच्च दाबाची नळी अनेक इंजिनांत एकदाच वापरायची असते. सोडली की नवीच लावायची. इंजिन माउंटिंगही याच वेळी पाहून घ्यावीत, एरवी तिथे हात घालणं जिकिरीचं असतं.

पहिला स्टार्ट मी समोर उभा राहून पाहिला. इंधन बंद ठेवून फक्त स्टार्टरवर इंजिन फिरवलं, ऑइलच्या दाबाचा दिवा विझला, आणि मगच खरं चालू केलं. कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटू नये म्हणून हे करतात.

कागदांचं थोडक्यात: नोंदणीपत्रावर इंजिन क्रमांक असेल तर तो बदलून घ्यावा लागतो, आणि विमा कंपनीलाही कळवावं. नव्या इंजिनाला स्वतंत्र मुदत मिळते की मूळ वॉरंटीची उरलेलीच लागू होते, हेही लेखी घ्या. बहुतेक वेळा उरलेलीच असते.

रनिंग-इन

पिस्टन रिंग बोअरला घट्ट बसते ती प्रामुख्याने जळत्या वायूच्या दाबाने. हा दाब रिंगेच्या मागच्या खाचेत शिरून तिला बाहेर ढकलतो. त्यामुळे गाडी अगदीच जपून, कमी लोडवर आणि एकाच वेगाने चालवली तर रिंगा नीट बसत नाहीत. मी वेग सतत बदलता ठेवतो, मध्यम लोडवर चढवतो, मग पाय काढून इंजिन ब्रेकिंगने उतरवतो. पूर्ण थ्रॉटल नाही, उभ्याने बराच वेळ आयडलिंग नाही, क्रूझ कंट्रोल नाही. गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेलं अंतर, साधारण १००० ते १५०० किलोमीटर, होईपर्यंत हे पाळणार.

वर्कशॉपने भरलेलं पहिलं ऑइल मी लवकर काढलं. यावर दोन मतं आहेत आणि दुसऱ्या मताला आधार आहे: काही कंपन्या कारखान्यातलं पहिलं ऑइल लवकर काढू नका असं स्पष्ट सांगतात. माझ्या पुस्तकात तसं काही नाही, आणि मागच्या इंजिनाचा कचरा कुठे राहिलाय का हे मला बघायचंच होतं. फिल्टर कापला. नव्या इंजिनात दिसते तशी राखाडी बारीक पूड होती, चमकदार पापुद्रे नव्हते. हा फिल्टर पाहून खरोखर हायसं वाटलं.

नमुना प्रयोगशाळेला पाठवला होता. त्यात सिलिकॉन जास्त आला. सिलिकॉन वाढला की धूळ आत जातेय अशी शंका येते, पण धूळ असेल तर त्याच्या जोडीने ॲल्युमिनियमही चढतं. इथे तसा मेळ दिसत नव्हता. नव्या इंजिनात सांधे बंद करायला वापरलेल्या सीलंटमधून सिलिकॉन उतरतो, आणि दर बदलाला कमी होत जातो. लोखंड आणि तांबं सुरुवातीच्या झिजेमुळे वर असतात, तेही उतरायला हवेत. एका अहवालावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही, कल पाहायचा.

ऑइल

आता मुख्य मुद्दा. दुकानात गेलं की बहुतेक जण ग्रेड आणि ब्रँड बघतात. माझं मत असं झालं आहे की डब्याची पुढची बाजू अर्धीच गोष्ट सांगते, उरलेली मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते.

ग्रेड म्हणजे डब्यावरचं ५डब्ल्यू-३० सारखं लिखाण. त्यातला 'डब्ल्यू' थंडीसाठी. ०डब्ल्यू ऑइलची सुरू होतानाची चाचणी उणे ३५ अंश सेल्सिअसला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनासाठी. १०० अंशाला ऑइलचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकच्या (दाटपणाचं एकक) दरम्यान असेल तर २०, ९.३ ते १२.५ असेल तर ३०, आणि १२.५ ते १६.३ असेल तर ४०. म्हणजे ग्रेड हा एक पट्टा आहे. एका कंपनीचं पट्ट्याच्या वरच्या टोकाचं ३० आणि दुसरीचं खालच्या टोकाचं ३० यांत बराच फरक असू शकतो.

बेअरिंगसाठी त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे: १५० अंशाला, प्रचंड घर्षणाखाली ऑइल किती दाट राहतं तो. याला एचटीएचएस म्हणतात. २० ग्रेडला तो किमान २.६ हवा, ३० ला किमान २.९. आणि इथे एक गोष्ट लक्षात येते. एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ मानकाचं ५डब्ल्यू-३० घेतलं तर तिथे हाच आकडा किमान ३.५ लागतो. दोन डबे, दोन्हीवर ५डब्ल्यू-३०, पण गरम बेअरिंगमध्ये राहणारा थर वेगळा. नुसता ग्रेड बघून निवड करणाऱ्याला हा फरक कळतच नाही.

टर्बो आणि थेट फवारणीच्या इंजिनाला आणखी एक धोका असतो: इंजिन हळू फिरत असताना जास्त लोड दिला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेतं. एलएसपीआय म्हणतात ते हेच. यात पिस्टनसुद्धा फुटू शकतो. ऑइलमधली कॅल्शियमची डिटर्जंट (इंजिन आतून स्वच्छ ठेवणारी रसायनं) हा प्रकार वाढवतात असं आढळल्यावर नव्या ऑइलमध्ये कॅल्शियम कमी करून त्याच्या जागी मॅग्नेशियम आणलं गेलं. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) चं एसपी हे २०२० चं मानक, त्यात एलएसपीआयची चाचणी आहे आणि टायमिंग चेनच्या झिजेचीही. म्हणून अशा इंजिनात एसएन या आधीच्या मानकाचा उरलेला डबा मी टाकणार नाही, तो कितीही नामांकित ब्रँडचा असला तरी. २०२५ पासून एपीआय एसक्यू आणि वाहन कंपन्यांच्या आयएलएसएसी समितीचं जीएफ-७ हे त्यापुढचे टप्पे आले आहेत. एसक्यू लिहिलेला डबा एसपी मागणाऱ्या इंजिनाला चालतो.

'फुल सिंथेटिक' या शब्दांवर मी फार अवलंबून राहत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने एका वादात निर्णय दिला, आणि तेव्हापासून खनिज तेलावर कडक प्रक्रिया करून बनवलेलं ग्रुप ३ चं तेलही सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ग्रुप ३ वाईट नाही, उत्तम ऑइलं त्यावर बनतात. फक्त डब्यावरचा तो शब्द दर्जाची पातळी सांगत नाही, मान्यता सांगते. त्यातही 'अमुक मानकाला योग्य' आणि 'अमुक कंपनीची मान्यताप्राप्त' हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला विकणारा स्वतः करतो, दुसऱ्यासाठी गाडी बनवणाऱ्याकडून मंजुरी घ्यावी लागते.

माझ्या पुस्तकातल्या तक्त्यात ०डब्ल्यू-२० पहिली पसंती आहे, आणि जास्त तापमानाला ५डब्ल्यू-३० ला परवानगी. मी ५डब्ल्यू-३० घेतलं, एपीआय एसपी आणि (जीएफ-७ च्या आधीचं) जीएफ-६ए दोन्ही असलेलं. कारण इंधन मिसळण्याचं आहे. थेट फवारणीच्या इंजिनात, विशेषतः गाडी थोड्या अंतरासाठी चालवली की, थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंच आणि ते पातळ होतं. २० पातळ झालं तर हाताशी उरतं कमी. कडक थंडीत राहणाऱ्याने ०डब्ल्यू-२० घेतलं तर मी त्याला चुकीचं म्हणणार नाही. इंधनाची थोडी बचतही तिकडे आहे. सी३ चं ऑइल मला मनातून जास्त आवडतं, पण वॉरंटी चालू असेपर्यंत बिलावरचं मानक आणि पुस्तकातलं मानक शब्दाला शब्द जुळलेलं हवं. ४० ग्रेड माझ्या तक्त्यात नाही, म्हणून तो विचारातही घेतला नाही. वरून टाकायची कुठलीही ॲडिटिव्हची बाटली नाही. तयार ऑइलमध्ये फॉस्फरससारख्या घटकांचं प्रमाण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाचा) विचार करून ठरवलेलं असतं, ते मोडण्यात फायदा नाही.

बदलण्याचं अंतर पुस्तकातल्या 'कठीण वापर' या रकान्यातलं धरलं आहे. छोटे प्रवास, रहदारी, उष्णता, धूळ यांतलं एक जरी असेल तर तोच रकाना आपला. ग्रेडवर आपण जितकं बोलतो तितकं या अंतरावर बोलत नाही, आणि माझ्या मते इंजिनाला जास्त फरक याने पडतो.

पुढच्या नमुन्यात १०० अंशाचा दाटपणा आणि इंधनाचं प्रमाण दोन्ही मागवणार आहे. डिपस्टिकवर पातळी हलत नाही म्हणजे खप शून्य असं धरता येत नाही: ऑइल जळून कमी होत असेल आणि पेट्रोल मिसळून तेवढंच वाढत असेल तर पातळी जागेवरच दिसते. दाटपणा २० च्या पट्ट्यात घसरलेला निघाला तर अंतर आणखी कमी करेन, ग्रेड तोच ठेवेन. अहवाल आला की तक्ता टाकतो. तुमच्यापैकी कुणाकडे याच प्रकारच्या इंजिनाचे सलग अहवाल असतील तर इंधनाचे आकडे नक्की द्या, शेजारी ठेवून बघायचे आहेत.